डिस्कव्हरी हिट होता की फ्लॉप? दुसऱ्या अल्बमचं स्वागत शोधायचं कसं आणि लिहायचं कसं

भाचीला कॉलेजच्या मासिकात डाफ्ट पंक या फ्रेंच इलेक्ट्रॉनिक संगीतवाल्या जोडीच्या दुसऱ्या अल्बमवर, डिस्कव्हरीवर, दोन पानं लिहायची होती. पहिला ड्राफ्ट मला पाठवला, त्यातलं पहिलंच वाक्य ‘या अल्बमचं समीक्षकांनी आणि श्रोत्यांनी भरभरून स्वागत केलं’. मी विचारलं, कोणी केलं? कधी केलं? तर म्हणे अरे मामा सगळीकडे तसंच लिहिलंय. आता हे जे ‘सगळीकडे तसंच’ असतं ना, घोळ नेमका तिथेच असतो, म्हणून तिला फोनवर तासभर जे सांगितलं ते इथे लिहून ठेवतो, कुणाला असलं काही लिहायचं असेल तर उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी एक कागद घ्या आणि मधे उभी रेघ मारा. डावीकडे अल्बम आला त्या वर्षात लोक काय म्हणाले ते, उजवीकडे नंतर काय म्हणाले ते. बस. एवढ्यानेच निम्मं काम होतं, कारण बहुतेक लेखांमधे ही दोन्ही मतं एकत्र कालवलेली असतात आणि वाचणाऱ्याला वाटतं की पहिल्या दिवसापासून सगळे नाचतच होते. डिस्कव्हरी आला मार्च २००१ मधे. त्या वर्षी पिचफोर्कने, म्हणजे संगीताचे रिव्ह्यू छापणाऱ्या अमेरिकन साइटने, त्याला दहापैकी ६.४ दिले. सहा पॉइंट चार! म्हणजे आपल्याकडे बोर्डात फर्स्ट क्लास मिळाला म्हणून पेढे वाटतील, पण तिकडे अल्बमला एवढे मार्क म्हणजे ‘ठीक आहे, चालेल’. मग २००९ ला त्याच पिचफोर्कने त्या दशकातल्या उत्तम अल्बमची यादी काढली तर त्यात डिस्कव्हरी तिसरा. आणि २०२१ मधे आपलेच जुने मार्क परत तपासायला घेतले तेव्हा ६.४ चे थेट १० केले. आता तुम्ही फक्त ‘पिचफोर्कने १० दिले’ लिहिलंत तर ते खोटं नाही, पण फसवं आहे, कारण मधली वीस वर्षं गायब झाली, आणि खरी गोष्ट तीच आहे.

मार्क लिहून घेतले की मूळ रिव्ह्यू वाचा, निदान एक तरी. आकडा सगळे उचलतात, मजकूर कोणी वाचत नाही. आणि सरासरी काढणाऱ्या साइटवर फार विसंबू नका, तिथे कुणाची अक्षरी ग्रेड, कुणाचे स्टार असं सगळं शंभरात बसवून एक आकडा काढतात. मिसळीत फरसाण कुठलं आणि मटकी किती ते नंतर कळत नाही तसं होतं ते.

दुसरं काम, आणि हे टाळू नका, पहिला अल्बम पूर्ण ऐका. दुसऱ्या अल्बमचा रिव्ह्यू म्हणजे अर्धा पहिल्याचाच रिव्ह्यू असतो. पॅरिसच्या या दोघांचा, म्हणजे थोमा बांगाल्तेर आणि गी-मान्युएल द ओमेम-क्रिस्तो, पहिला अल्बम होमवर्क १९९७ चा, घरच्या खोलीत बनवलेला म्हणून नावही तसंच. कडक हाउस आणि टेक्नो, म्हणजे क्लबमधे नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत, एका गाण्यात तर तेच तीन शब्द शेवटपर्यंत फिरत राहतात. ज्यांनी ते डोक्यावर घेतलं होतं ते चार वर्षं थांबले आणि समोर काय आलं, तर डिस्को, सत्तरीतला गुळगुळीत पॉप, गिटारसारखे वाजणारे लांबलचक सोलो, आणि वर रोबोटचे हेल्मेट घातलेले दोघं जण. लहानपणी जे ऐकून मजा यायची, ‘हे भारी की टुकार’ असा प्रश्नही डोक्यात यायचा नाही, ते पुन्हा पकडायचं होतं त्यांना. पण तेव्हाच्या क्लबवाल्यांच्या कानाला हे सगळं जरा लाजिरवाणंच वाटणारं होतं. बदललं की म्हणतात बदलले, नाही बदललं की म्हणतात तेच तेच. जस्टिस ही त्यांच्याच गावची दुसरी जोडी, २०११ ला दुसऱ्या अल्बममधे रॉककडे वळली तर त्यांच्याही वाट्याला हेच.

(जाता जाता, यांचं नावच एका वाईट रिव्ह्यूमधून आलंय. आधी त्यांचा डार्लिन नावाचा बँड होता, त्याची गाणी ब्रिटनच्या मेलडी मेकर या संगीत साप्ताहिकाने ‘डाफ्ट पंकी थ्रॅश’ म्हणून उडवून लावली होती, म्हणजे खुळचट असं काहीतरी. यांनी तीच शिवी उचलून पाटीवर लावली. समीक्षकांना असं उत्तर मला तरी दुसरं माहीत नाही.)

आता तक्रार. स्वागत लिहायचं तर तक्रार नेमकी कशाबद्दल होती ते शोधा आणि मग स्वतः ऐकून बघा, नुसतं ‘काहींनी टीका केली’ लिहू नका, त्या वाक्यात काही नसतं. इथे एक मोठी तक्रार होती आवाजाची. अल्बममधलं पहिलं गाणं वन मोअर टाइम लावा, हेडफोन घाला, मोबाइलच्या स्पीकरवर नको. गाणारा रोमँथनी, अमेरिकन हाउसवाला, चांगला भरदार गळ्याचा माणूस, पण त्याचा आवाज ऑटोट्यूनमधून, म्हणजे सूर आपोआप जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, इतका पिळून काढलाय की एका सुरावरून दुसऱ्या सुरावर जाताना आवाज घसरत नाही, पायरी चढल्यासारखा टक्कन उडी मारतो. मग मधेच ड्रम गायब. नाचायचं गाणं आणि ठोकाच नाही! नुसते पसरलेले कॉर्ड आणि तो आवाज, आणि हे इतका वेळ चालतं की पहिल्यांदा ऐकताना वाटतं काहीतरी बिघडलं, आणि मग ठोका परत येतो तेव्हा अंगावर काटा येतो. काहींना हा आवाज यांत्रिक आणि खोटा वाटला, काहींना त्यातच जीव दिसला. बांगाल्तेरचं तेव्हाचं म्हणणं असं की सत्तरीच्या शेवटी फ्रान्समधे वादक सिंथेसायझरवर बंदी आणा म्हणत होते, ही तक्रारही त्यातलीच. ही दोन्ही मतं शेजारी शेजारी ठेवा, वाचणारा स्वतः ऐकून ठरवेल.

श्रोत्यांचं कसं शोधायचं हे जास्त अवघड. चार्ट बघा, पण त्यावर थांबू नका. डिस्कव्हरी ब्रिटन आणि फ्रान्स दोन्हीकडे दुसऱ्या नंबरपर्यंत गेला, वन मोअर टाइम फ्रान्समधे पहिलं आलं, म्हणजे लोकांनी घेतला हे नक्की. पण नंबर काय सांगत नाही ते डिस्क्लोजर या ब्रिटिश जोडीकडे बघून कळतं, त्यांचा पहिला अल्बम २०१३ ला ब्रिटनमधे एक नंबर, दुसरा २०१५ ला तोही एक नंबर, आणि तरी दुसऱ्याबद्दल बोलताना लोकांचा उत्साह तेवढा नव्हता. चार्ट म्हणजे पहिल्या आठवड्यांची गर्दी, लग्नाच्या पंगतीला किती लोक आले त्यावरून जेवण कसं होतं ते कळत नाही.

म्हणून लोकांनी त्या गाण्यांचं पुढे काय केलं ते बघा. २००३ मधे अख्ख्या अल्बमवर जपानी चित्रकथाकार लेइजी मात्सुमोतोंच्या देखरेखीखाली जपानी अ‍ॅनिमेशनपट निघाला, ज्यांनी टीव्हीवर त्यातले निळ्या चेहऱ्याचे गायक पाहिले त्यांच्या आठवणीत गाणं आणि चित्र वेगळं करताच येत नाही, मलाही येत नाही. २००७ मधे अमेरिकन रॅपर कान्ये वेस्टने याच अल्बममधलं हार्डर, बेटर, फास्टर, स्ट्राँगर उचलून स्वतःचं गाणं केलं आणि ते अमेरिकेत एक नंबरला गेलं. त्याच काळात डाफ्ट पंकची जोडी स्टेजवरच्या एका मोठ्या पिरॅमिडमधे बसून लाइव्ह वाजवत होती आणि जुनी गाणी एकमेकांत मिसळत होती, त्या दौऱ्यातल्या लाइव्ह हार्डर, बेटरला २००९ ला ग्रॅमी मिळालं. हे सगळं उजव्या रकान्यात. आणि २००५ नंतर जन्मलेली पोरं ‘माझ्या बालपणीचा अल्बम’ लिहितात तेही उजव्याच रकान्यात, खोटं म्हणून नाही, साक्षीदार वेगळा म्हणून.

सॅम्पलच्या, म्हणजे जुन्या गाण्यातून उचलून वापरलेल्या तुकड्यांच्या, याद्यांपासून मात्र सावध. कुठलं गाणं कुठून उचललं याच्या लांबच लांब याद्या फिरतात, त्यात खरं खोटं सगळं असतं आणि मग ‘चोर आहेत’ अशी एक ओळ येतेच. आधी सीडीचं पुस्तक उघडा. डिजिटल लव्ह या गाण्यात जॉर्ज ड्यूक, हार्डर, बेटरमधे एडविन बर्डसाँग, ज्यांची गाणी उचलली त्या संगीतकारांची ही नावं त्यांनी स्वतः छापलीयेत. ड्यूकचं मूळ गाणं १९७९ चं, ते लावून बघा, सुरुवातीलाच ओळखाल.

लिहिताना ‘भरभरून’, ‘संमिश्र’, ‘दणदणीत’ असले शब्द आले की तिथे कोण आणि कधी हे दोन प्रश्न टाका. भाचीचं वाक्य शेवटी असं झालं: ‘२००१ मधे खप चांगला झाला, पण होमवर्कच्या चाहत्यांपैकी आणि समीक्षकांपैकी काहींना हे फार गोड वाटलं, आज जे कौतुक दिसतं त्यातलं बरंचसं नंतरच्या दहा-वीस वर्षांत जमा झालंय.’ लांब आहे, पण खरं आहे.

आणि तुमचं स्वतःचं मतही टाका, अल्बम शेवटपर्यंत ऐकून. तिने ऐकला. शेवटच्या गाण्याचं नाव टू लाँग, लांबी दहा मिनिटं. रात्री साडेअकराला मेसेज, मामा बाकी सगळं भारी पण हे खरंच लांबलंय रे, लिहू का? म्हटलं लिही, आणि खाली आजची तारीख टाक.