मानववंशशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी इंटर्नशिप कशी मिळवावी

'मानववंशशास्त्राचा इंटर्न हवा' अशी जाहिरात क्वचितच दिसते. काम असतं, पण दुसऱ्या नावानं: संग्रहालयात वस्तूंची नोंदणी, सामाजिक संस्थेत गटचर्चा आणि मुलाखती, सॉफ्टवेअर कंपनीत यूजर रिसर्च, म्हणजे लोक उत्पादन कसं वापरतात याचा अभ्यास. त्यामुळे शोधताना विषयाचं नाव टाकू नका, कामाचं टाका.

सुट्टीच्या निदान चार महिने आधी 10-12 संस्थांची यादी करा. संस्थेच्या सर्वसाधारण पत्त्यावर धाडलेला मेल पडून राहतो. क्युरेटर (संग्रहाची जबाबदारी असलेली व्यक्ती) किंवा प्रकल्प समन्वयक कोण हे शोधून थेट त्यांना लिहा. आठ-दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदाच आठवण करा.

मेल दीडशे शब्दांच्या आत. 'संधी दिल्यास ऋणी राहीन' यातून समोरच्याला काहीच कळत नाही. असं लिहा: 'तुमच्या संग्रहातल्या टोपल्यांच्या नोंदींत विणीचा प्रकार दिलेला नाही. आठवड्याला 12 तास याप्रमाणे 8 आठवड्यांत 60 टोपल्यांची मापं, फोटो आणि विणीची नोंद मी पूर्ण करू शकते.' सोबत क्षेत्रटिपणांची (लोकांमध्ये जाऊन केलेल्या निरीक्षणांच्या नोंदींची) दोन पानं जोडा, पण माणसांची आणि गावाची नावं बदलून. खरी नावं तशीच ठेवलीत तर गोपनीयता तुम्हाला कळत नाही, हे तिथंच सिद्ध होतं.

होकार आला की कामाचं गणित मांडा. तासाभराची मुलाखत शब्दशः उतरवायला चार ते सहा तास जातात. दोघं एकाच वेळी बोलत असतील तर जास्तच. 'फक्त 20 मुलाखती उतरवायच्या' म्हणजे 80 ते 120 तास कानाला हेडफोन. तेवढंच काम असेल तर 'निदान दोन-तीन मुलाखतींना मलाही सोबत न्या', असं आधीच ठरवून घ्या.

मार्गदर्शक कोण, तास किती, मानधन आहे का, अहवालात नाव येणार का, हे सगळं लेखी घ्या. सर्वांत जास्त घोळ होतो तो प्रबंधावरून. लोकांनी संमती दिलेली असते संस्थेच्या प्रकल्पाला, तुमच्या प्रबंधाला नाही. मुलाखतींतली सामग्री प्रबंधात वापरायची असेल तर संमतीपत्रात तसं वाक्य हवं, संस्थेची लेखी परवानगी हवी आणि विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मंजुरी पहिल्या मुलाखतीच्या आधी हवी. गोळा करून झालेल्या सामग्रीला समित्या सहसा मागाहून मंजुरी देत नाहीत.