‘गुगलवर सगळं मिळतं’ म्हणणाऱ्यांसाठी पेटंट सर्च कसा करायचा

लायब्ररी सायन्स किंवा इंजिनिअरिंग करून पेटंट सर्चमध्ये (एखादी कल्पना आधी कुणी केलीय का, तिच्यावर कुणाचं पेटंट आहे का, हे शोधायच्या कामात) यायचा विचार करणारी बरीच मुलं विचारतात की आता या कामात काही राहिलंय का, गुगल होतंच, वर एआय आलंय. माझ्या मते भरपूर राहिलंय, पण काम बदललंय, आणि नेमकं कुठे बदललंय ते समजून न घेता शिरलात तर अवघड जाईल.

आधीचं थोडक्यात सांगतो. १९७२ मध्ये अमेरिकेत डायलॉग ही डेटाबेस सेवा व्यावसायिक झाली, तेव्हा वापराच्या वेळेवर बिल पडायचं, त्यामुळे कमांड येणारा माणूसच तिथे बसायचा आणि तोही आधी सगळी क्वेरी कागदावर मांडून मगच लाइन जोडायचा. पैसे मिळायचे ते माहितीची चावी हातात असण्याचे. मग १९९५ ला केमिस्टने स्वतःच शोधावं म्हणून बनवलेलं सायफाइंडर आलं, १९९७ ला पबमेड हा वैद्यकीय लेखांचा डेटाबेस सगळ्यांना फुकट झाला, १९९८ ला युरोपियन पेटंट ऑफिसचं एस्पेसनेट आलं, त्यात आज १५ कोटींहून जास्त पेटंट डॉक्युमेंट्स आहेत आणि एक पैसा लागत नाही. चावी सगळ्यांकडे गेली.

म्हणून आता क्लायंट येतो तोच मुळात गुगल करून, ‘असं काही नाहीये, मी बघितलंय’ म्हणत. त्याला आपल्याकडून हवं असतं ते हे की ते ‘नाहीये’ खरं धरून पैसे घालायचे का. ‘नाही’ हे जबाबदारीने सांगता येणं, हेच आता आपलं काम आहे. ते कसं करायचं ते एका उदाहरणावर बघू.

समजा सांगलीकडचा एक वर्कशॉपवाला आहे, त्याने ट्रॅक्टरला जोडायचं छोटं ऊसतोडणी यंत्र बनवलंय, ऊस बुडातून कापतं आणि पाचटही काढतं. तो विचारतो, ‘हे आधी कुणी केलंय का बघा.’ लगेच सर्च करायला बसू नका. या एका वाक्यात दोन वेगळे प्रश्न असू शकतात. त्याला स्वतःला पेटंट घ्यायचं असेल तर जगात कुठेही, कितीही जुनं, अगदी मेलेलं पेटंटसुद्धा आडवं येतं आणि त्यातलं वर्णन, आकृत्या सगळंच मोजलं जातं. त्याला फक्त यंत्र बनवून विकायचं असेल तर प्रश्न पूर्ण वेगळा, कारण पेटंट त्या त्या देशापुरतंच असतं आणि अर्जाच्या तारखेपासून २० वर्षंच चालतं, तेव्हा भारतात आज चालू असलेली पेटंट्स बघायची, त्यांचे क्लेम (नेमका कशावर हक्क आहे ते सांगणारी वाक्यं) शब्द न शब्द वाचायचे, आणि रिन्यूअल फी भरलीय का ते भारतीय पेटंट ऑफिसच्या साइटवर बघायचं, कारण फी न भरल्याने बंद पडलेली पेटंट्सही असतात. हे नीट न विचारता केलेला सर्च कितीही मेहनतीचा असला तरी वाया जातो. शक्य असेल तर यंत्र चालताना बघून या, नाहीतर व्हिडिओ कॉलवर दाखवायला सांगा, आणि ‘यात नवीन काय’ हे त्याच्याच तोंडून घ्या.

आता शब्द. फक्त ‘केन’ टाकलंत तर हातातल्या काठ्या आणि वेताच्या खुर्च्या येतील. ‘शुगरकेन’ जोडून आणि ‘शुगर केन’ तोडून, दोन्ही घ्या. पाचटाला कुणी ट्रॅश लिहितं, कुणी लीफ, कुणी स्ट्रॉ, आणि काढण्याला स्ट्रिपिंग, क्लीनिंग, डीट्रॅशिंग. काही यंत्रं अख्खा ऊस बाहेर टाकतात, काही कांड्यांचे तुकडे करतात, त्यांना बिलेट म्हणतात. असे गट करा, एका गटातले शब्द ‘ऑर’ने जोडा (त्यातला कुठलाही चालेल), गट एकमेकांना ‘अँड’ने जोडा (प्रत्येकातलं काहीतरी हवंच), पण सुरुवातीला दोनच गट जोडा, कारण तिसरा जोडला की रिझल्ट्स छान कमी होतात आणि नेमकं हवं ते त्यातच गळतं.

शब्दांवर कधीच थांबू नका, क्लासिफिकेशन, म्हणजे पेटंटना विषयानुसार दिलेले कोड, वापरा, नवखे आणि मुरलेले यातला फरक इथेच दिसतो. उभा ऊस तोडायच्या यंत्रांना ए०१डी ४५/१० हा कोड आहे. पेटंट चिनी असो, पोर्तुगीज असो, शीर्षकात नुसतं ‘कृषी यंत्र’ असो, ते याच कोडखाली यायला हवं, कारण कोड पेटंट ऑफिसचे तपासनीस देतात. तो टाकून आकृत्या भराभर बघत जा, मेकॅनिकलमध्ये आकृतीवरून जेवढं पटकन कळतं तेवढं सारांशावरून कळत नाही. चिनी मजकुराला एस्पेसनेटवर मशीन भाषांतर आहे, अंदाज यायला पुरेसं आहे. एक जवळचं पेटंट सापडलं की त्याने कुणाला साइट केलंय (संदर्भ म्हणून दिलंय) आणि नंतर त्याला कुणी साइट केलंय, ही साखळी दोन्ही बाजूंनी चाळा, बऱ्याचदा सर्वात कामाचं डॉक्युमेंट या साखळीतच मिळतं.

आणि मग पेटंटच्या बाहेर बघा, हे सगळ्यात जास्त टाळलं जातं. पुण्याजवळच्या मांजरी गावातली वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र, राहुरीच्या कृषी विद्यापीठातले प्रबंध, हे बघितल्याशिवाय ऊसयंत्रावर रिपोर्ट देऊच नये असं मला मनापासून वाटतं. प्रबंधांसाठी कृषिकोश आणि शोधगंगा हे ऑनलाइन संग्रह आहेत, पण जे ऑनलाइन नाही त्यासाठी लायब्ररीत फोन करा. शेतकऱ्यांनी यूट्यूबवर टाकलेले व्हिडिओही बघा, अपलोडची तारीख नोंदवा.

हळदीची केस आठवा. जखम भरायला हळद वापरण्यावर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट मिळालं होतं, आपल्या घराघरात जे करतात त्यावर! डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआर या सरकारी वैज्ञानिक संशोधन संस्थेचे महासंचालक होते, आणि सीएसआयआरने त्या पेटंटला आव्हान दिलं ते छापील पुराव्यांवर, एकूण ३२ संदर्भ, काही शंभर वर्षांहून जुने, संस्कृत, उर्दू, हिंदीतले, शिवाय इंडियन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमधला १९५३ चा एक पेपर. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. ‘आजी लावायची’ हे सांगून भागत नव्हतं, तारीख असलेला कागद लागत होता, आणि तो कुणीतरी कपाटातून शोधून काढला. ते आपलंच काम.

एआय वापरा, जरूर वापरा, वेगळे शब्द सुचवायला, लांब डॉक्युमेंटचा अंदाज घ्यायला. पण त्याने दिलेला पेटंट नंबर स्वतः उघडून बघितल्याशिवाय रिपोर्टमध्ये टाकायचा नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले खटले दाखल केले, ते खटले अस्तित्वातच नव्हते, ५,००० डॉलर दंड झाला. आणि क्लायंटचं अजून फाइल न केलेलं डिझाइन कुठल्याही फुकटच्या चॅटबॉटमध्ये पेस्ट करायचं नाही, त्याने ते विश्वासाने तुमच्याकडे दिलंय.

पहिल्या मिनिटापासून लॉग ठेवा: तारीख, डेटाबेस, जशीच्या तशी क्वेरी, किती आले, किती बघितले. नवीन क्वेरीत तीच तीच डॉक्युमेंट्स परत यायला लागली की थांबायची वेळ झाली, आणि हे लॉगमध्ये दिसतं. रिपोर्टमध्ये कुठलं पूर्ण वाचलं, कुठल्याचा फक्त सारांश बघितला, कुठली भाषा मशीनने वाचली, सगळं लिहा. एक ओळ तर हवीच, की अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतात, त्यामुळे मधल्या काळातले अर्ज कुणालाच दिसत नाहीत. ही ओळ लिहिल्याने तुम्ही कच्चे दिसत नाही, उलट क्लायंटला कळतं की किती रिस्क शिल्लक आहे.

सराव करायला क्लायंटची वाट बघायची गरज नाही. आपल्या विषयातलं एखादं मंजूर पेटंट घ्या, तपासनीसाने साइट केलेली यादी न बघता त्याच्या तारखेच्या आधीचं काय मिळतं ते स्वतः शोधा, मग यादी उघडा. जे सुटलं ते कुठल्या शब्दामुळे, कुठल्या कोडमुळे सुटलं ते लिहून ठेवा आणि पुढचं पेटंट घ्या.