दोडक्याच्या शिरा फेकू नका, चटणी करा

दोडका सोलला की शिरांचा ढीग थेट कचऱ्यात जातो, आणि चटणी करायची म्हटलं तर एका भाजीच्या शिरा मूठभरच निघतात त्यामुळे कंटाळा येतो. म्हणून त्या साठवायच्या.

१. दोडका सोलायच्या आधी नीट धुवा, पुसून कोरडा करा आणि मगच शिरा काढा. नंतर शिरा धुतल्या तर पाणी धरून बसतात आणि कुरकुरीत होत नाहीत.
२. कात्रीने बारीक कापा (सुरीने वैताग येतो, लांब दोरे राहिले तर खाताना दातात अडकतात) आणि डब्यात भरून फ्रीजरमध्ये टाका. पुढच्या दोडक्याच्या त्यातच.
३. वाटीभर जमल्या की कढईत दोन चमचे तेल घालून मंद गॅसवर परतत राहा, घाई केली तर वरून करपतात आतून मऊच राहतात. फ्रीजरमधल्या असल्या तर आधी पाणी सुटेल, ते आटू द्या.
४. कुरकुरीत व्हायला लागल्या की ठेचलेला लसूण, दोन चमचे तीळ, थोडं किसलेलं सुकं खोबरं. खमंग वास आला की गॅस बंद, मग तिखट आणि मीठ. मीठ शेवटीच, कारण शिरा आळून निम्म्या होतात आणि आधीचा अंदाज हमखास चुकतो.

भाकरीबरोबर तर मस्तच, पण मला दहीभाताबरोबर जास्त आवडते.

एक मात्र बघा, दोडक्याचा छोटा तुकडा आधी चाखायचा. कडू लागला तर थुंकून टाका आणि शिरांसकट अख्खा दोडका फेका. तो कडूपणा शिजवून जात नाही आणि पोटाला त्रास होतो.