चेतकचा प्लग गॅप: आधी वायसर, मग पाना

ही यादी बजाजच्या आकुर्डी कारखान्यातल्या जुन्या टू-स्ट्रोक चेतक स्कूटरसाठी आहे: स्पार्क प्लगचा गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती दोन टोकांमधली फट, कसा लावायचा. इंजिन पूर्ण थंड हवं. धीर नसेल तर काम उद्यावर ढकला, कारण हेड, म्हणजे प्लग बसतो ते इंजिनाचं झाकण, ॲल्युमिनियमचं आहे आणि तापलेल्या हेडातून प्लग ओढला की आटेही सोबत येऊ शकतात. पेट्रोल कॉक बंद, गाडी स्टँडवर, उजवं पॅनेल उतरवलेलं. हे सांगायला नको.

हाताशी 21 मिमीचा प्लग पाना, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या), पितळी तारेचा ब्रश, फडकं, टॉर्च. आणि 14 मिमी प्लगचा एक नवा वायसर, म्हणजे प्लग आणि हेडामधली धातूची चकती. स्पेअरच्या दुकानात सुटा मिळतो, तो आधी आणून ठेवा. मागच्या खेपेस बाकी सगळं होतं, नेमका हाच नव्हता, आणि गॅप अचूक लावूनही गाडी फुसफुसत राहिली.

कॅप रबराला धरून काढा, वायर ओढू नका. हेडावरच्या फिन्समध्ये (थंड करणाऱ्या पट्ट्यांत) तेलमातीचा चिखल असतो. प्लग अर्धा फेरा ढिला करा, सायकलच्या पंपाने भोवती हवा मारा, मग पूर्ण काढा. खडा आत पडला तर बोअरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, ओरखडा उठेल.

प्लग हातात आला की गॅपकडे नंतर बघा, आधी वायसर बघा. प्लगवर आहे? ठीक. नाही? मग तो हेडाला चिकटलाय किंवा काऊलिंगमध्ये (इंजिनावरच्या पत्र्याच्या आवरणात) पडलाय. टॉर्च मारून शोधा, सापडेपर्यंत पुढे जायचं नाही. हेडाला चिकटलेला राहिला आणि वर नव्या प्लगचा स्वतःचा वायसर आला, तर दोन होतात. प्लग वर राहतो आणि खालच्या उघड्या आट्यांत कार्बन भरतो. एकही नसेल तर कॉम्प्रेशन गळतं, प्लगची उष्णता हेडात नीट उतरत नाही आणि टोक भाजून पांढरं पडतं. म्हणजे एक. शून्य नाही, दोन नाहीत.

आता गॅप. 0.6 मिमी. कार्बन पितळी ब्रशने काढा. पॉलिश पेपर नको, त्याचे कण चिनी मातीच्या खाचेत अडकतात. 0.60 ची पाती हलक्या घर्षणाने सरकावी, 0.65 ची जाऊ नये. वाढवायचा तर फक्त बाजूचा इलेक्ट्रोड वाकवा. मधल्याला टेकून पेचकस लावाल तर चिनी माती तडकेल, आणि ती तडक बाहेरून दिसत नाही. कमी करायचा तर बाजूचा इलेक्ट्रोड लाकडावर अलगद ठोका, एका वेळी केसभर, आणि दर वेळी मोजा. गॅप जास्त असेल तर किक मारून पाय दुखतो, चढाला मिसफायर होतो. कमी असेल तर ठिणगी दुबळी पडते आणि टू-टी ऑइलचा कार्बन दोन टोकं जोडून टाकतो. मग गाडी कितीही आडवी करून किक मारा, उपयोग शून्य. इलेक्ट्रोडची कड गोल झाली असेल तर पाती फसवते, प्लगच बदला. नवा घेताना आखूड मानेचाच, 12.7 मिमी आट्यांचा. 19 मिमीचा लांब प्लग पिस्टनला लागू शकतो.

बसवण्याआधी पुन्हा: वायसर. जुना चपटा झाला असेल तर नवा घाला.

पहिले फेरे बोटांनी, पाना नाही. अडला तर काढून परत. बोटांनी टेकल्यावर नव्या वायसरला अर्धा फेरा, वापरलेल्याला फेऱ्याचा बारावा भाग. जोर नको. प्लगच्या टोकावरची मुंडी पक्कडीने घट्ट, कॅप पूर्ण दाबून, पॅनेल, किक.

दोनेक किलोमीटर फिरवून प्लगच्या बुडाशी बघा. ओलं काळं तेल बाहेर आलं असेल तर वायसर बसलेला नाही.