माजी सैनिकाच्या रेकॉर्डमध्ये राहून गेलेली मेडलं: या चुका टाळा

डिस्चार्ज बुकातला (फौज सोडताना मिळणाऱ्या सेवापुस्तकातला) मेडलचा रकाना अर्धवट असण्याची कारणं तीन. पात्रता असूनही नोंद कधी झालीच नाही, हे पहिलं. नोंद रेकॉर्ड ऑफिसात आहे, पण पुस्तकात उतरली नाही आणि मेडलही हातात आलं नाही, हे दुसरं. तिसऱ्यात मेडल मिळालं होतं, ते घर बदलताना किंवा पुरात हरवलं. तिन्हींसाठी अर्ज वेगळा. 'माझी मेडलं मिळावीत' एवढंच लिहिलं की ऑफिसला नेमकं काय करायचं ते कळत नाही, आणि 'रेकॉर्डनुसार देय नाही' अशी एक ओळ परत येते. त्यामुळे अर्जाच्या विषयातच लिहा: नोंद करून मिळणे, न मिळालेलं मेडल मिळणे, की हरवलेल्याच्या जागी दुसरं मिळणे. हरवल्याच्या अर्जाला पोलीस तक्रारीची प्रत आणि प्रतिज्ञापत्र जोडा. हे दुसरं मेडल सहसा पैसे भरून मिळतं.

मेडल कुठलं, हेच चुकतं

सर्वाधिक अर्ज इथे अडकतात. १९७१ च्या युद्धाचं उदाहरण घ्या. 'पूर्वी स्टार' आणि 'पश्चिमी स्टार' प्रत्यक्ष त्या त्या आघाडीवर असलेल्यांसाठी होते. संग्राम मेडल त्या काळात फौजेत असलेल्या कितीतरी मोठ्या संख्येला मिळालं. लढाई चालू असताना जवान बेळगावला ट्रेनिंगमध्ये असेल, तर संग्राम मेडलची मागणी होऊ शकते, स्टारची नाही. १९६५ मध्ये समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल यांचं तसंच. कारगिलच्या वेळी ऑपरेशन विजय स्टार आणि ऑपरेशन विजय मेडल अशी दोन वेगळी मेडलं निघाली. चुकीचं नाव लिहिलं तर नकार येतो, आणि पुढच्या अर्जात तोच नकार आडवा येतो.

क्लास्पचा, म्हणजे मेडलच्या फितीवर बसणाऱ्या नाव कोरलेल्या पट्टीचा, घोळही मोठा. सैन्य सेवा मेडल एकदाच मिळतं. पुढे दुसऱ्या ठरवलेल्या भागात नोकरी झाली की त्याच फितीवर त्या भागाचा क्लास्प चढतो. एक मेडल आणि दोन क्लास्प असलेल्या माणसाच्या घरी 'दोन मेडलं गहाळ' अशी समजूत असते, प्रत्यक्षात गहाळ काहीच नसतं. १९४७ च्या जनरल सर्व्हिस मेडलला 'गोवा १९६१' हाही असाच क्लास्प आहे.

काही मेडलं मात्र तारखेवरच ठरतात, ती आधी तपासा. १५ ऑगस्ट १९७२ ला नोकरीत असणाऱ्यांना स्वातंत्र्याच्या २५ व्या वर्षाचं, १५ ऑगस्ट १९९७ ला असणाऱ्यांना ५० व्या वर्षाचं. ९, २० आणि ३० वर्षांच्या दीर्घ सेवेची वेगळी मेडलं आहेत. भरतीची आणि डिस्चार्जची तारीख समोर ठेवली की ही पाच मिनिटांत मोजून होतात, आणि राहून गेलेली बहुतेक याच गटातली निघतात.

शौर्य पदकाची गोष्ट निराळी. सेना मेडल किंवा वीर चक्र भारताच्या राजपत्रात जाहीर होतं. राजपत्रात नाव असेल तर नोंद चढवून घेता येते. नुसती शिफारस झाली होती, या आधारावर रेकॉर्ड ऑफिस काहीही करू शकत नाही. इथे उशीर महाग पडतो, कारण शौर्यासाठीच्या सेना मेडलला ऑगस्ट २०१७ पासून दरमहा २००० रुपये भत्ता आहे आणि तो पेन्शनच्या कागदात चढावा लागतो. वर सांगितलेल्या सेवेच्या मेडलांना असा दरमहा भत्ता नाही.

अर्ज कुठे जातो

साताऱ्याचं किंवा सांगलीचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय रेकॉर्ड दुरुस्त करत नाही. ते अर्ज तपासून पुढे पाठवतं आणि ओळखपत्र देतं; दुरुस्ती तुमच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात होते. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, सिग्नल्सचं जबलपूरला, ईएमईचं (इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनियर्स) सिकंदराबादला. अधिकाऱ्यांचं रेकॉर्ड दिल्लीत लष्करी मुख्यालयाकडे असतं.

आपल्याकडे पेन्शन घेतल्यावर डीएससीत (डिफेन्स सिक्युरिटी कोअर) गेलेले पुष्कळ. डीएससीचं रेकॉर्ड कन्नूरला आहे आणि तिथला सर्व्हिस नंबर नवा असतो. पहिल्या नोकरीतल्या मेडलसाठी कन्नूरला लिहिलं तर अर्ज महिनोन्महिने फिरत राहतो. पहिली नोकरी जिथली, अर्ज तिथे, आणि अर्जात दोन्ही नंबर. नायब सुभेदार झाल्यावर जेसी (ज्युनियर कमिशन्ड) नंबर मिळतो, तेव्हाही तसंच: जवान असतानाचा जुना नंबर आणि जेसी नंबर, दोन्ही लिहा. नंबरच्या शेवटचं अक्षर गाळू नका. नाव आधार कार्डावर 'भोसले' कसंही लिहिलेलं असो, अर्जात डिस्चार्ज बुकातलीच इंग्रजी स्पेलिंग उतरवा.

नोंद का राहून जाते?

हे कळलं की अर्जात काय लिहायचं तेही कळतं. बदली, बढती, मेडलची पात्रता, यांपैकी जे काही होईल ते युनिटने पार्ट टू ऑर्डर या लेखी आदेशात काढायचं आणि रेकॉर्ड ऑफिसने जवानाच्या शीट रोलवर (सेवेच्या नोंदपत्रावर) चढवायचं, अशी पद्धत. जवान राष्ट्रीय रायफल्सच्या टर्नवर, दुसऱ्या युनिटला अटॅचमेंटवर किंवा बराच काळ मिलिटरी हॉस्पिटलात असेल, तर त्याची ऑर्डर कुणी काढायची यातच ती राहून जाते. म्हणून 'मी कारगिलला होतो' या वाक्याने काम होत नाही. 'मे ते ऑगस्ट १९९९, अमुक बटालियन, अमुक कंपनी, द्रास भाग, त्या काळातली पार्ट टू ऑर्डर तपासावी' असं लिहिलं की क्लार्कला कुठली फाइल उघडायची ते समजतं. पूर्ण अर्जात सगळ्यात जपून लिहायची ती हीच ओळ.

सोबत डिस्चार्ज बुकाच्या सर्व पानांच्या प्रती, पीपीओची (पेन्शनच्या आदेशाची) प्रत आणि ओळखपत्र जोडा. त्या काळातलं मूव्हमेंट ऑर्डर, रजेचा पास किंवा हॉस्पिटलचं डिस्चार्ज स्लिप असेल तर ते सोन्यासारखं आहे. मूळ डिस्चार्ज बुक टपालाने कधीही पाठवू नका. छातीवर मेडलं लावलेला फोटो पुरावा धरला जात नाही, आणि दुकानातून आणलेलं मेडल छातीवर लावल्याने नोंद होत नाही. जवान हयात नसेल तर पत्नी, तीही नसेल तर मुलगा किंवा मुलगी वारस म्हणून अर्ज करू शकते.

पेन्शन न घेता फौज सोडलेल्यांनी थांबू नये. त्यांची सेवेची कागदपत्रं साधारण २५ वर्षांनी नष्ट केली जातात. त्यानंतर लाँग रोल या कायमच्या रजिस्टरमधली त्रोटक नोंद उरते, आणि तिच्यावरून मेडल सिद्ध करणं फार अवघड.

उत्तर आलं नाही तर

दोन महिने वाट पाहून स्मरणपत्र स्पीड पोस्टने पाठवा, पोच जपून ठेवा. मग माहिती अधिकार. त्यात दुरुस्ती मागू नका, कागद मागा: शीट रोलची प्रत, मेडलच्या नोंदीची प्रत, त्या तारखांच्या पार्ट टू ऑर्डर. इथे एक हमखास चूक होते. तहसील कचेरीच्या सवयीने लोक १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावतात. ते राज्य सरकारच्या कार्यालयांना चालतं. लष्कर केंद्राचं, तिथे १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. हातात आलेल्या प्रतीत नोंद सापडली, की दुसरा अर्ज त्या ऑर्डरचा क्रमांक आणि तारीख देऊन करा. तो सहसा अडत नाही.

लेखी अंतिम नकार आला तर मुंबईच्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणात ६ महिन्यांच्या आत जाता येतं. नकाराच्या पाकिटावरचा टपालाचा शिक्का फाडून टाकू नका, मुदत कधीपासून मोजायची ते त्यावरून दाखवता येतं.

मेडल आलं की खोक्यातून काढून त्याची कड उजेडात फिरवून पाहा. तिथे नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. एक अक्षर जरी चुकलं असेल तरी ते न लावता लगेच रेकॉर्ड ऑफिसला कळवा, आणि त्याच पत्रात नोंद चढल्याच्या पार्ट टू ऑर्डरची प्रत मागून घ्या.