पिटकुळी कुठली ते ओळखा, मग खड्डा खणा

पिटकुळी म्हणजे गुच्छांनी फुलणारं झुडूप; नर्सरीवाला तिला आणि तिच्या सगळ्या भावंडांना ‘इक्झोरा’च म्हणतो. पण या वंशात पाचशेच्या वर जाती आहेत. त्यातल्या बहुतेक आशिया, आफ्रिका, मादागास्कर आणि प्रशांत महासागरातल्या बेटांवरच्या, अमेरिकेत मोजक्याच. आपली तांबडी पिटकुळी दक्षिण भारत आणि श्रीलंकेची. म्हणूनच आमच्या सिंधुदुर्गात कातळाच्या कडेलाही ती कुणी न लावता वाढते.

झाड घेण्याआधी फूल हातात घ्या. चार पाकळ्या, खाली लांब बारीक नळी. पाकळ्यांना टोक असेल आणि पान जवळजवळ बिनदेठाचं, फांदीला चिकटलेलं असेल, तर ती आपली. पाकळ्या गोलसर दिसल्या तर बहुधा चिनी जात किंवा तिचा संकर. रानातली कुरट याच वंशातली, फक्त पश्चिम घाटातली. तिचं छोटं झाड होतं, फुलं पांढरी आणि अगदी बारीक.

पापडी या दुसऱ्या झुडपाशी मात्र गल्लत करू नका. तिलाही चार पांढऱ्या पाकळ्यांचे गुच्छ येतात. पापडीचं पान उजेडासमोर धरा, काळे ठिपके दिसतील. ते रोगाचे नव्हेत, पानात राहणाऱ्या जिवाणूंच्या गाठी आहेत. मला तर ते पान फुलापेक्षा जास्त आवडतं.

आता लावणी. पिटकुळीला आम्लधर्मी माती लागते आणि आपली जांभ्याची माती तशीच असते. तरीही घरोघरी ती पिवळी पडते, कारण लोक ती जोत्याला चिकटून लावतात. सिमेंटचा चुना पावसाबरोबर मातीत उतरतो आणि मुळांना लोह मिळेनासं होतं. कोवळं पान पिवळं, शिरा तेवढ्या हिरव्या, असं दिसलं की समजा. नवीन झाड भिंतीपासून दोन-तीन फूट लांबच लावा. चुलीतली राख माडाला घाला, हिला अजिबात नको. पिवळ्या झाडाला बादलीभर पाण्यात चमचाभर हिराकस (लोहाचा क्षार, फेरस सल्फेट) विरघळवून द्या, बुंध्यात पालापाचोळा पसरा. नवी पालवी हिरवी आली की हिराकस थांबवा.

फांद्या जुलैत लावा, अर्धवट जून झालेल्या, दोन-तीन पेरांच्या. फूल शेंड्यावर येतं, तेव्हा छाटणी बहर ओसरल्यावरच. दोन-चार गुच्छ मात्र झाडावरच ठेवा. फळं पिकून काळपट तांबडी झाली की पाखरांच्या आधी पोरं पोचतात.