उघडीप मिळाली की लगेच पंप उचलू नका

परतीच्या पावसात दोन दिवस ऊन पडलं की परसात दोघं एकदमच बाहेर पडतात: पोळ्यात अडकून उपाशी राहिलेली मधमाशी आणि आपला फवारणी पंप. घात इथेच होतो. सकाळी आठच्या सुमारास काकडी, कारलं, लाल भोपळा फुललेला असतो, माश्या फुलांत शिरलेल्या असतात आणि आपण मावा दिसला म्हणून इमिडाक्लोप्रिड मारतो. हे आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसात भिनणारं औषध परागात आणि मधुरसातही उतरतं, त्यामुळे फवाऱ्यातून वाचलेली माशी पुढे तेच खाते. मग कोवळी फळं पिवळी पडून गळतात आणि दुकानदार ‘फुलगळीचं टॉनिक’ काढून देतो. त्या बाटलीने परागीकरण होत नाही.

आधी गळालेलं फळ चिरून बघा. आत अळ्या असतील तर ती फळमाशी. क्यू-ल्युअरचा (नर फळमाश्यांना वासाने ओढणाऱ्या आमिषाचा) सापळा टांगा. आत काहीच नसेल तर बहुधा फुलावर मधमाशी फिरकलेली नाही. (नुसत्या देठाची नर फुलं गळणारच, त्यांची चिंता नको. मादी फुलामागे इवलं फळ असतं.) माश्या परत येईपर्यंत ताज्या नर फुलाच्या पाकळ्या काढून त्याचे पराग मादी फुलात मधोमध हलके फिरवा. लाल भोपळ्याला हे सकाळी लवकर, दुधी-दोडक्याला संध्याकाळी, कारण ती फुलं तेव्हा उमलतात.

मावा थोडा असेल तर शेंडे खुडा, पाण्याचा जोरदार फवारा मारा. वाढला तर 5 टक्के निंबोळी अर्क: लिटरभर पाण्यात 50 ग्रॅम निंबोळी पावडर रात्रभर भिजवून गाळायची. फवारणी सूर्यास्तानंतर, पानांच्या खालून. उघड्या फुलावर निंबोळीसुद्धा नको.

बाकीची कामं:
- वाफ्यात साचलेलं पाणी काढणे
- मंडप ताणून घेणे
- पिवळी पानं, गळालेली फळं वेचून खोल पुरणे
- वेलांना मातीची भर

आता माश्यांच्या खाण्याची सोय. तुळशीच्या मंजिऱ्या सध्या खुडू नका. कोथिंबीर आत्ता पेरा आणि एक वाफा कापणीला न घेता फुलावर सोडा. माझा अंदाज असा की तो वाफा वेलांपासून चार पावलांवर असला की सातेरी आणि फुलोरी या देशी मधमाश्या भोपळ्याकडे आपसूक वळतात. रोपवाटिकेतला भरगच्च गेंदेदार झेंडू दिसायला छान, पण माशीला त्यात फारसं काही मिळत नाही. एकेरी पाकळ्यांचा गावठी लावा. जमिनीत ओल आहे तोवर शेवगा, कढीपत्ता, लिंबू लावून टाका. जागा मोठी असेल तर जांभूळ, करंज. लाल फुलांचं पिचकारीचं झाड मात्र नको, त्याच्या फुलांत पोया (डंख नसलेल्या छोट्या मधमाश्या) मरून पडतात.

परसात लगेच मधपेटी ठेवण्याची घाई नको. वर्षभर काही ना काही फुलत नसेल तर वसाहत पेटी सोडून जाते आणि पेटीचे पैसे बुडतात.